चौथा सांधा

गुरुवारी नेपल्सला तोंडी परीक्षा,
आणि माझ्याकडे सांगाडा नाही.
म्हणून बाबा स्वयंपाकघरात शर्ट काढून बसलेत,
खुर्चीवर आडवे.
शेगडीवर कॉफीचं भांडं धुसफुसतंय.
"लवकर आटप," म्हणतात, "मी काही सोललेली कोंबडी नाही."

निळ्या बॉलपेनने मी हासळी आखते.
पहिला सांधा इथे, गळ्याच्या खळगीशेजारी,
शर्टाच्या बटणाएवढा.
पुस्तक म्हणतं, सबंध हात धडाला
हाडाने जोडलेला आहे तो फक्त या जागी.
बाकी सगळं स्नायूंच्या उधारीवर.
"एवढ्याशा जागी?"
बाबा तिथे बोट ठेवून बघतात,
झोपण्याआधी दाराची कडी चाचपावी तसे.

दुसरा सांधा हासळीच्या त्या टोकाला.
तो मला सापडत नाही.
तिथे बाबांची गाठ आहे
कणकेच्या गोळ्याएवढी,
तेहतीस जून महिन्यांची.
नोलाच्या गल्ल्यांतून आठ मजली मनोरा
खांद्यांवर नाचवायचा, वर वाजंत्री बसलेली,
आणि तुळई दर वर्षी त्याच चार बोटांवर.
आमच्या गावात गाठ बघून माणूस ओळखतात.
"साबातीनो, हात लावू का?" बारमध्ये पोरं विचारतात.
आई होती तोवर
प्रत्येक नव्या कोटाचा डावा खांदा उसवून
पुन्हा शिवायची.
पेन गाठीवरून घसरतं.
पुस्तकात हे नाही.

तिसऱ्याला उखळीचा सांधा म्हणतात.
उखळ कसलं, बशी आहे ती, उथळ,
आणि तिला टेकलेला दंडाच्या हाडाचा चेंडू.
चार स्नायू चहूबाजूंनी धरून असतात
म्हणून निसटत नाही.
बाबांच्या चारांतला वरचा तुटलाय.
मार्चमध्ये डॉक्टरांनी पडद्यावर पांढरी फट दाखवली.
तेव्हापासून साखरेची बरणी खालच्या फळीवर आली.
कुणी काही बोललं नाही.
बरणी आली, एवढंच.

पुढून, जरा खाली,
कावळ्याच्या चोचीसारखं एक हाड.
दाबलं की बाबा शिवी हासडतात.
"हे बरं लक्षात राहील तुझ्या."

आजोबांना खांदा द्यायला
पथकातले पाच जण आले होते, बाबांच्याच उंचीचे.
पथकात जोड्या उंची मोजूनच लावतात.
पेटी त्यांना इतकी हलकी लागली
की पाद्री मागे पडला.
"हळू रे," बाबा म्हणाले, "आत म्हातारा आहे."
चौकात खांदेपालट करायची ठरली होती.
पुतणे तयार उभे होते.
कुणी खांदा काढला नाही.

चौथा सांधा खरं तर सांधाच नाही.
ना बंध, ना वंगण.
खवाटा बरगड्यांवर नुसता सरकतो,
मध्ये मांस.
तरीही मोजतात त्याला.
तो नसता तर हात कानापर्यंत पोचला नसता.
मी पाठीमागे जाते, खवाट्याची कड आखते,
त्रिकोण, टोक खाली.
"बाबा, दोन्ही हात वर."
उजवा छताकडे जातो.
डावा छातीच्या उंचीला थांबतो, थरथरतो,
आणि उरलेलं ओझं खवाटा अंगावर घेतो.
माझा त्रिकोण सगळाच्या सगळा
मानेकडे चढत जातो.
हे पुस्तकात आहे. पान दोनशे अकरा.
मी पान उलटत नाही.

"यंदा जूनमध्ये?"
पेनाला टोपण लावता लावता विचारते,
सहज विचारल्यासारखं.
बाबा खांदे उडवतात.
उजवा उडतो.

कॉफी उतू गेलेली असते.
शर्ट घालताना दुखरा हात आधी, मग चांगला.
हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.
बटणं मी लावते,
सगळ्यात वरचं, पहिल्या सांध्याजवळचं, शेवटी.

"गुरुवारपर्यंत आंघोळ करत नाही," म्हणतात.
"पुसलं जाईल."